वाचक विचारतात : माळावरचं गवत आणि मुळांतली बुरशी

गेल्या अंकात आम्ही एवढेच म्हटले होते, की माळरानावरच्या बहुतेक गवतांच्या मुळांत एक बुरशी राहते आणि तिच्याशिवाय ही गवते नीट वाढत नाहीत. त्या एका वाक्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : आमचा माळ मुरमाड. चार बोटं मातीसुद्धा नाही. खताचा कण कधी दिला नाही, तरी पवन्या आणि कुसळी दरसाल गुडघ्याला लागते. खालच्या रानात मात्र डीएपी नाही टाकलं तर ज्वारी खुजी राहते, पानं जांभळट पडतात. असं कसं? (पाटोदा, जि. बीड)

उत्तर : जांभळट पाने ही स्फुरद (फॉस्फरस) कमी पडल्याची खूण. आपल्याकडच्या बेसाल्टच्या जमिनी चुनखडीयुक्त, सामू (पीएच) बहुधा ८ च्या आसपास. अशा जमिनीत स्फुरद असतो, पण कॅल्शियमशी जखडलेला. पाण्यात विरघळलेला स्फुरद फारच थोडा आणि तो मातीतून अतिशय सावकाश सरकतो. त्यामुळे मूळ आपल्या भोवतीचा एक-दोन मिलिमीटरचा पट्टा रिकामा करते आणि पुढे उपाशी बसते.

येथे मुळांत राहणारी ती बुरशी, म्हणजेच मायकोरायझा, उपयोगी पडते. तिचे तंतू काही मायक्रॉन जाडीचे, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा कितीतरी बारीक. ते त्या रिकाम्या पट्ट्याच्या पलीकडे काही सेंटिमीटर जातात, मुळाला शिरता येणार नाही अशा मुरमाच्या फटींत शिरतात आणि तिथला स्फुरद मुळाच्या पेशीपर्यंत आणतात. पेशीत या तंतूंच्या झुडपासारख्या फांद्या फुटतात आणि तिथेच देवघेव चालते. गवत आपण बनवलेल्या अन्नातला साधारण ४ ते २० टक्के वाटा साखर आणि स्निग्ध पदार्थांच्या रूपाने बुरशीला देते. हा वाटा थोडा नाही. म्हणूनच गरज नसेल तेव्हा झाड हात आखडता घेते, त्याविषयी पुढे.

एक गैरसमज आधीच दूर करू. ही बुरशी खडक विरघळवत नाही आणि हवेतला नत्रही (नायट्रोजन) धरत नाही. जो स्फुरद विरघळलेला आहे तोच ती जास्त मोठ्या क्षेत्रातून गोळा करते. जखडलेला स्फुरद मोकळा करणारे जिवाणू वेगळे. त्यातले काही तिच्या तंतूंवर राहतात एवढेच.

पवन्या, मारवेल, कुसळी, डोंगरी गवत ही ज्वारी, मका आणि उसाच्याच गोतातली. अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या कोन्झा गवताळ प्रदेशात याच गोतातल्या उंच गवतांवर प्रयोग झाले. निर्जंतुक मातीत बुरशीविना ती जेमतेम तग धरतात, तर थंड हवामानातल्या गवतांना तिच्या नसण्याचा फारसा फरक पडत नाही. तिथे माळावरच बुरशीनाशक देऊन ही बुरशी दाबली तेव्हा उंच गवते मागे हटली आणि इतर झाडोरा वाढला.

आता खालच्या रानाकडे. तिथून दरवर्षी कणसेही घरी येतात आणि कडबाही. माळावरचे बहुवर्षायू गवत मात्र वाळता वाळता पानांतला बराचसा नत्र-स्फुरद बुंध्यात आणि मुळांत परत ओढून घेते. शिवाय तिथे नांगर फिरत नाही, त्यामुळे बुरशीचे जाळे अखंड राहते. तुमच्या माळाला खत लागत नाही याचे श्रेय बुरशीइतकेच या काटकसरीलाही द्यायला हवे.

प्रश्न : डीएपी टाकल्यानं ही बुरशी मरते का? आणि हलक्या रानातल्या ज्वारीत टारफुला फार माजलाय, त्याचा याच्याशी काही संबंध? (भोकरदन, जि. जालना)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. (टारफुला म्हणजे ज्वारीच्या मुळांवर जगणारे परोपजीवी तण.)

स्फुरदाची भूक लागली की ज्वारीची मुळे मातीत स्ट्रायगोलॅक्टोन नावाचे द्रव्य सोडतात. प्रमाण अत्यल्प, पण बुरशीला तेवढे पुरते. त्याचा सुगावा लागताच तिचे तंतू फांद्या फोडत मुळाकडे येतात. हे २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवले. त्याच्या कितीतरी आधी, १९६६ मध्ये, याच कुळातले पहिले द्रव्य कापसाच्या मुळांतून वेगळे काढले गेले होते, आणि ते सापडले होते टारफुल्याचे बी उगवायला लावणारे द्रव्य म्हणून! बुरशीसाठी दिलेली हाक टारफुलाही ऐकतो. त्याचे धुळीसारखे बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि ही खूण मिळाली की उगवून ज्वारीच्या मुळाला चिकटते. तो जमिनीवर दिसेपर्यंत निम्मे नुकसान झालेले असते.

स्फुरद भरपूर मिळाला की ज्वारी हे द्रव्य सोडणेच कमी करते. बुरशी मरत नाही, तिला बोलावणे येत नाही. म्हणून डीएपीने मुळांतली बुरशी कमी होते आणि टारफुलाही काहीसा कमी होतो. पण मुळांत एकदा बुरशी नीट वसली, की तेव्हाही हे द्रव्य कमी सुटते. म्हणजे बुरशीच्या बाजूनेही टारफुल्याला अटकाव होतो, तोही खताच्या खर्चाविना.

करायचे काय? माती तपासा. आपल्या विम्लधर्मी जमिनीला ऑल्सेन पद्धत लागते. हेक्टरी १० किलोपेक्षा कमी स्फुरद (मूलद्रव्य रूपात) निघाला तर खत द्यायलाच हवे. बुरशीच्या भरवशावर राहू नका. २५ किलोच्या वर असेल तर दरवर्षीचे पोते वाया जाते. डीएपीच्या ५० किलोच्या एका पोत्यात २३ किलो स्फुरद (पी२ओ५) आणि ९ किलो नत्र असतो. नुसत्या नत्राची गरज असेल तर युरिया स्वस्त पडतो. टारफुला फुलावर येण्याआधी उपटा, कारण एका झाडाला हजारो बिया धरतात. एक-दोन हंगाम त्या रानात कापूस किंवा सूर्यफूल घ्या. त्यांच्या मुळांमुळे टारफुल्याचे बी उगवते, पण त्यांच्यावर जगू शकत नाही आणि मरते.

प्रश्न : दुकानात मायकोरायझाची पावडर मिळते. गवत लावताना ती घ्यावी का? घरी बनवता येते का? (औसा, जि. लातूर आणि इतर चार पत्रे)

उत्तर : जिथे आधीपासून गवत उभे आहे तिथे घेऊ नका. तिथल्या मातीत बुरशी आहेच आणि ती तिथल्या मातीला, उन्हाला सरावलेली आहे. पैसे वाया जातील.

गरज पडते ती वरची माती गेलेल्या ठिकाणी. समतल चर खोदताना जेसीबीने मुरूम वर आणि माती खाली गेली असेल तिथे, नव्या बांधावर, खाणीच्या भरावावर, किंवा तलावाचा गाळ जाड थराने पसरला असेल तिथे. महिनोन्महिने पाण्याखाली राहिलेल्या गाळात जिवंत मुळे नसतात, त्यामुळे ही बुरशीही तोकडीच. (गाळ टाकणारच असाल तर पातळ थर टाकून जुन्या मातीत मिसळा. आणि चर खोदताना वरची वीतभर माती वेगळी काढून शेवटी बांधावर पसरली, तर पावडरीचा प्रश्नच उरत नाही.)

विकत घेताना पाकिटावर बनवल्याची आणि संपण्याची तारीख, दर ग्रॅमला जिवंत बीजाणू किंवा जननघटक किती, आणि खत नियंत्रण आदेशाखालची नोंद हे तीन पाहा. पानांवर फवारायचा मायकोरायझा कोणी विकत असेल तर नमस्कार करून परत या. ही बुरशी मुळाला टेकली तरच कामाची.

घरी बनवता येते. ती जिवंत मुळाशिवाय वाढत नाही, म्हणून गूळ-बेसनाच्या द्रावणात ट्रायकोडर्मा या दुसऱ्या बुरशीसारखी ती वाढवता येत नाही. तिच्यासाठी पीकच घ्यावे लागते.

मे महिन्यात धुतलेली नदीची वाळू २ भाग आणि साधी माती १ भाग मिसळा. पाणी शिंपडून ओलसर करा, १५ सेंटिमीटर जाडीचा थर पसरून वर पारदर्शक प्लास्टिक अंथरा आणि कडा मातीने बुजवा. ४ ते ६ आठवडे कडक ऊन मिळू द्या. प्लास्टिक काळे नको. काळे स्वतः तापते, पारदर्शकाखाली माती तापते. यात बहुतेक रोगजंतू, सूत्रकृमी आणि तणांचे बी मरते.

जूनमध्ये १ मीटर लांब, १ मीटर रुंद, ३० सेंटिमीटर खोल खड्डा करा. आत काळे प्लास्टिक अंथरा आणि पाणी निचरायला तळाशी भोके पाडा. तापवलेली माती २० सेंटिमीटरपर्यंत भरा. आता विरजण हवे. ज्या बांधावर किंवा देवस्थानच्या राखीव जागेत वर्षानुवर्षे नांगर लागला नाही, तिथले मारवेल किंवा पवन्याचे ठोंब मुळांसकट, वरच्या १५ सेंटिमीटर मातीसह काढा. १० ते १५ किलो पुरे. मुळे सेंटिमीटरभर तुकड्यांत कापून मातीसकट खड्ड्यात पसरा आणि वर ३ ते ५ सेंटिमीटर माती ओढा. हळद, आले किंवा भाजीपाल्याच्या रानातली माती विरजण म्हणून कधीच घेऊ नका. तिच्याबरोबर सूत्रकृमी आणि कंदकूज येते.

वर घरची ज्वारी किंवा मका पेरा. पाकिटातले गुलाबी-लाल बियाणे बुरशीनाशक लावलेले असते, ते येथे नको. पेरताना २ ग्रॅम युरिया, ३० व्या आणि ४५ व्या दिवशी १०-१० ग्रॅम. स्फुरदाचे खत अजिबात नाही, शेणखतही नाही. माती वाफशावर ठेवा. पाणी साचले तर हवेअभावी बुरशी वाढत नाही.

साधारण ९० दिवसांनी पाणी तोडा. दहा दिवसांत झाडे सुकू लागतात आणि बुरशी बीजाणू बनवून निवांत होते. हा ताण न देता उपटले तर बीजाणू कमी मिळतात आणि साठवण टिकत नाही. ताटे जमिनीलगत कापा, मुळे खणून बारीक तोडा आणि सगळे एकत्र कालवून सावलीत वाळवा. एका खड्ड्यातून साधारण अडीचशे किलो माल निघतो. सप्टेंबरअखेर तयार झालेला हा माल रब्बीला लगेच वापरता येतो. उरलेला पुढच्या पावसाळ्यासाठी ज्यूटच्या पोत्यात, घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवा. पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलात तर एप्रिल-मेच्या तापमानात त्यात जीव राहणार नाही.

मारवेलचे ठोंब ५० × ५० सेंटिमीटरवर लावले तर एकरी सुमारे १६ हजार लागतात. दर ठोंबाला ५ ग्रॅम म्हणजे ८० किलो. माल ठोंबाखाली खड्ड्यातच टाका. वरून फोकून दिलेला उन्हात मरतो. आणि दोन ओळी मुद्दाम माल न देता सोडा. दुसऱ्या पावसाळ्यात फरक दिसला नाही तर तुमच्या मातीला याची गरज नव्हती, असे समजा.

प्रश्न : गावच्या गायरानात पूर्वी पवन्या, मारवेल होतं. आता नुसती कुसळी आणि टीचभर गवत. बुरशी संपली म्हणून असं झालं का? (जिंतूर, जि. परभणी)

उत्तर : उलट क्रमाने पाहा. आधी चराई बिघडली, मग गवत गेले, बुरशी त्यामागून रोडावली.

पवन्या-मारवेल जनावरे आवडीने खातात, म्हणून तीच सारखी ओरबाडली जातात. पान वारंवार गेले की गवत उरलेले अन्न नवी पालवी फोडण्यात घालते आणि मुळांकडे जाणारा वाटा आटतो. मुळे आखूड होतात, बुरशीचा पुरवठा तुटतो. कुसळीला कुसळे आली की जनावर तोंड लावत नाही, त्यामुळे ती टिकते. पुढे तीही जाऊन एकवर्षायू गवते राहतात, आणि पावसाळा संपल्यावर जमीन जवळजवळ जिवंत मुळांविना पडते.

तरीही बुरशी पुरती संपत नाही. एकवर्षायू गवतांच्या मुळांत, बोरी-बाभळीखाली, बांधाच्या कडेला ती असतेच. म्हणून गायरान नांगरून नव्याने बी टाकण्याची योजना कोणी मांडली तर विरोध करा. नांगरटीने उरलेले जाळे तुटते आणि पहिल्या वळवाबरोबर माती ओढ्याला जाते.

गायरानाचे तीन-चार भाग करून एक भाग निदान दोन पावसाळे पूर्ण बंद ठेवा. सगळे एकदम बंद केले तर शेळ्या-मेंढ्यावाल्यांची अडचण होते आणि बंदी आठवडाभरही टिकत नाही. बंद भागातली कुसळी फुलोऱ्यात येताच, कुसळे पक्व होण्याआधी कापून वैरण करा. पवन्या-मारवेलचे जे थोडे बुंधे उरले असतील, त्यांना बी गळेपर्यंत हात लावू नका. मोकळ्या जागी जूनच्या चांगल्या पावसानंतर बांधावरून आणलेले मारवेलचे ठोंब लावा, शक्यतो मुळांभोवतीच्या मातीसकट. ती मातीच विरजण. वेगळे काही नको. कापणी जमिनीपासून ८ ते १० सेंटिमीटर वर. चराई सुरू केल्यावर निम्मे गवत खाल्ले गेले की जनावरे पुढच्या भागात न्या. हा नियम पाळला जातो का, यावर पुढचे सगळे अवलंबून आहे. बियाणे आणि बुरशी हे त्यानंतरचे प्रश्न.

प्रश्न : कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही बुरशी मुलांना दाखवता येईल का? ट्रायपॅन ब्लू आमच्याकडे नाही. (अंबाजोगाई, जि. बीड)

उत्तर : येईल, आणि ट्रायपॅन ब्लू नसलेलाच बरा, कारण ते अपायकारक रंगद्रव्य आहे. पेनची काळी शाई आणि पांढरे व्हिनेगर पुरते. ही पद्धत १९९८ साली प्रसिद्ध झाली आणि जगभर वापरली जाते.

मुळे जुलै-ऑगस्टमध्ये घ्या. पेशीतली झुडपे अल्पायुषी असतात, काही दिवसांतच विरतात. म्हणून गवत जोमात वाढत असतानाच ती भेटतात. जानेवारीत बहुधा फक्त गोल-लांबट साठ्याच्या पिशव्या दिसतील. हरळी, मारवेल किंवा ज्वारीची सर्वांत बारीक, पांढरट मुळे निवडा. जाड, तपकिरी मुळांत काही दिसत नाही.

मुळे धुऊन सेंटिमीटरभर तुकडे करा. १०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम पोटॅशियम हायड्रॉक्साइड विरघळवा. नेहमी पाण्यात हायड्रॉक्साइड टाकावे, हातमोजे आणि चष्मा घालावा, भांडे काचेचे असावे. अॅल्युमिनियमचे भांडे या द्रावणात खाल्ले जाते. त्यात मुळे ९० अंश सेल्सिअसच्या आसपास २० ते ४० मिनिटे ठेवा. पारदर्शक झाली की काढा. कमी वेळ ठेवली तर तपकिरी राहतात आणि सगळेच गडद दिसते; जास्त ठेवली तर सुईने उचलताना लगदा होतो.

तीन-चार वेळा पाण्याने धुवा. ९५ मिलिलिटर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये ५ मिलिलिटर काळी शाई मिसळून त्यात मुळे ३ मिनिटे उकळा. मग थेंब-दोन थेंब व्हिनेगर टाकलेल्या पाण्यात २० मिनिटे ठेवून जादा रंग उतरवा. सगळ्या शाया चालत नाहीत. काहींचा रंग पाण्यात पूर्ण धुऊन जातो, म्हणून आधी दोन-तीन शाया थोड्या मुळांवर करून पाहा. काचपट्टीवर ग्लिसरीनचा थेंब, वर आवरणकाच, हलका दाब. १०० पट मोठेपणावर तंतू आणि पिशव्या दिसतात, ४०० पटीवर झुडपे.

तंतूंत आडव्या भिंती दिसत नसतील तर ती आपली बुरशी. ठळक आडव्या भिंती असलेले, न रंगवताही काळपट दिसणारे तंतू दुसऱ्या गटाचे आहेत. कोरड्या प्रदेशातल्या गवतांत तेही नेहमी सापडतात. दूषित नमुना समजून टाकून देऊ नका. टक्केवारी काढायची तर चौकटी आखलेल्या तबकडीत तुकडे पसरा, रेघ आणि मूळ छेदतात अशी १०० ठिकाणे तपासा आणि त्यांतली किती ठिकाणे बुरशीयुक्त आहेत ते मोजा. शेजारी मोहरी किंवा पालकाची मुळेही रंगवा. या कुळांत ही बुरशी वसत नाही, त्यामुळे फरक लगेच कळतो.

प्रश्न : परदेशात गवतातल्या बुरशीमुळे गाईंचे खूर, शेपट्या झडतात असं वाचलं. आमच्या लाल कंधारीला माळावरच्या गवतापासून धोका आहे का? (कंधार, जि. नांदेड)

उत्तर : त्या बुरशीचा नाही. ती एपिक्लोई, मुळात नव्हे तर पानांत आणि खोडात पेशींच्या मधून राहते आणि बियांतून पुढच्या पिढीत जाते. तिचा आसरा थंड हवामानातली फेस्क्यू, रायग्रास अशी गवते. अमेरिकेत १९४३ साली 'केंटकी ३१' हे फेस्क्यूचे वाण आले. काटक, किडीला दाद न देणारे, म्हणून लाखो एकरांवर पसरले. पण त्यावर चरणाऱ्या गाई उन्हात धापा टाकत, दूध आटे, थंडीत खूर आणि शेपटीचे टोक सडे. कारण ही बुरशी आहे, हे १९७७ मध्ये कळले. ती बनवते ती विषारी द्रव्ये कीड पळवतात आणि गुरांच्या रक्तवाहिन्याही आवळतात. आता तिथे कीड रोखणारे पण गुरांना न बाधणारे तिचे प्रकार निवडून पेरले जातात.

तुमच्या माळावरची गवते उष्ण हवामानातली आहेत. काळजी करायची ती याच बुरशीच्या भाऊबंदांची : बाजरीवरचा अरगट आणि ज्वारीवरचा चिकटा. फुलोऱ्यात ढगाळ, दमट हवा राहिली की कणसातून मधासारखा चिकट स्राव गळतो, मग दाण्याच्या जागी गडद, कठीण गाठी येतात. अरगटाच्या बाजरीने माणसाला मळमळ, चक्कर, गुंगी येते. चिकट्याच्या ज्वारीने गाईंचे दूध आटल्याच्या नोंदी ऑस्ट्रेलियात आहेत. बाजरीचा अरगट अंजन गवतावरही येतो, म्हणून बाजरीच्या बांधावर अंजन असेल तर ते फुलोऱ्याआधी कापत राहा.

बाजरीचे बियाणे पेरण्याआधी १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात टाका. तरंगणारे काढा. तळाचे बियाणे साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवा. मीठ राहिले तर उगवण मार खाते. तरंगलेले कोंबड्यांना घालू नका, पुरून टाका.

प्रश्न : वारुळाभोवतीचं गवत जास्त हिरवं असतं आणि तिथंच पावसात छत्र्या उगवतात. त्या खाव्यात का? (कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : येथे भागीदारी वाळवी आणि बुरशीची आहे, गवत हा कच्चा माल. वाळवी सुकलेले गवत, काटक्या खाऊन वारुळात त्याच्या स्पंजासारख्या चकत्या रचते आणि त्यांवर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढवते. बुरशी त्यातला कठीण भाग पचवते, वाळवी ती बुरशी आणि मऊ झालेली चकती खाते. वाळवीने खालून आणलेली बारीक माती आणि साठलेले क्षार यांमुळे भोवतीचे गवत जोर धरते. म्हणून माळावरची वारुळे सरसकट फोडू नयेत.

टर्मिटोमायसिसच्या छत्रीला जमिनीत खोल, वारुळापर्यंत जाणारे मुळासारखे देठ असते आणि तिचे बीजाणू गुलाबीसर. माळावर पावसात तशीच पांढरी, मोठी दिसणारी दुसरी एक छत्री येते, तिचे बीजाणू हिरवट. ती खाल्ल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. टोपी रात्रभर पांढऱ्या कागदावर पालथी ठेवली की बीजाणूंचा रंग उमटतो. पण एका रंगाच्या भरवशावर कोणतीही छत्री खाऊ नका. ओळखणारे जाणते माणूस प्रत्यक्ष सोबत नसेल तर सोडून द्या.

प्रश्न : खरिपात रान मोकळं ठेवून रब्बी ज्वारी करतो. त्या मोकळ्या काळात बुरशी उपाशी मरते का? (गेवराई, जि. बीड)

उत्तर : तीन-चार महिन्यांत पुरती मरत नाही, घटते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या काळ्या भारी जमिनी वर्षाहून अधिक पडीक ठेवल्यावर सूर्यफूल, जवस खुजे राहत आणि स्फुरदाची कमतरता दाखवत. कारण मुळांविना ही बुरशी आटली होती, हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. जमीन खोल असेल आणि पाऊस वेळेवर आला तर खरिपात ६०-६५ दिवसांचा मूग घेऊन मग ज्वारी पेरा. मुगाची मुळे बुरशीला आसरा देतात. जूनचा पाऊस लांबला तर मात्र हा हट्ट नको. मुगाने ओल ओढली की ज्वारीलाच फटका बसतो. मोहरी, कोबी, पालक, राजगिरा ही पिके जमीन झाकतात, पण या बुरशीच्या दृष्टीने रान मोकळेच.

प्रश्न : बुरशीमुळे गवताला उष्णता सोसते, हे खरं का? (उदगीर, जि. लातूर)

उत्तर : एका ठिकाणी तर फारच खरे. अमेरिकेच्या यलोस्टोन उद्यानात गरम झऱ्यांशेजारी ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या मातीत एक गवत उगवते. त्याच्या आत कर्व्ह्युलारिया ही बुरशी राहते. दोघे वेगळे केले तर ३८ अंशांपलीकडे गवतही टिकत नाही आणि बुरशीही. २००७ मध्ये आणखी एक गोष्ट कळली : त्या बुरशीच्या आत एक विषाणू असतो, आणि तो काढून टाकला की उष्णता सोसण्याची ताकद जाते. म्हणजे करार तिघांचा. गंमत अशी, की खरीप ज्वारीचे दाणे पावसात काळे पाडणाऱ्या बुरशींत याच कर्व्ह्युलारियाची एक जात आहे. राजस्थानच्या थर वाळवंटात सापडलेली आणि १९९८ मध्ये नोंदवली गेलेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका मात्र मायकोरायझासारखी असूनही मुळाविना प्रयोगशाळेत वाढते, म्हणून तिच्यावर पिकांसाठी बरेच काम चालू आहे.

प्रश्न : उन्हाळ्यात माळ पेटवला की गवत जोमानं फुटतं असं जुनी माणसं सांगतात. बुरशीचं काय होतं? (भूम, जि. धाराशिव)

उत्तर : गवताची आग झटकन पुढे सरकते. तिची धग मातीत जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर उतरते, त्यामुळे खोलवरच्या मुळांतली बुरशी वाचते. राखेतल्या क्षारांमुळे आणि उघड्या जमिनीवर ऊन पडल्यामुळे पालवीही लवकर दिसते. पण आच्छादन जळते, नत्र धुरात जातो, आणि मुरमाड उतारावर पहिल्याच वळवाच्या सरी उघड्या मातीवर पडतात. जिथे माती चार बोटे आहे तिथे ती वरची दोन बोटेच बीजाणूंनी भरलेली असतात. जुने गवत काढायचेच असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत विळ्याने कापा, बुंधे ८-१० सेंटिमीटर ठेवा आणि कापलेल्यातले खराब गवत उताराला आडवे पसरून टाका.